तिसऱ्या अपयशानंतर : वाहनचाचणीच्या प्रयत्नांना मर्यादा असावी काय?

मोटार चालविण्याचा परवाना ही शासनाने नागरिकाला दिलेली एक विलक्षण सनद आहे. सुमारे एक टन वजनाचे यंत्र सार्वजनिक रस्त्यावरून, पादचारी, सायकलस्वार आणि गुरेढोरे यांच्या मधून वेगाने नेण्याची मुभा तिच्यामुळे मिळते. ही मुभा देण्यापूर्वी शासन अर्जदाराची चाचणी घेते. जो उत्तीर्ण होतो त्याचा प्रश्न तेथेच संपतो. जो अनुत्तीर्ण होतो त्याच्याविषयी मात्र एक प्रश्न उरतो : त्याला पुन्हा संधी द्यावी काय, आणि द्यावयाची तर किती वेळा?

या प्रश्नाची दोन टोकाची उत्तरे सहज सुचतात. एक म्हणजे, प्रयत्नांना मर्यादाच नसावी. जो चिकाटीने शिकतो त्याला शंभराव्या वेळीही दार उघडे असावे. दुसरे म्हणजे, तीन-चार वेळा जो अनुत्तीर्ण झाला त्याने वाहन चालविण्याचा नाद सोडावा. इतरांच्या जिवावर त्याचा सराव होऊ नये. दोन्ही उत्तरांत तथ्याचा अंश आहे. भारतीय कायद्याने यांपैकी एकही उत्तर पूर्णपणे स्वीकारलेले नाही. त्याने जो तिसरा मार्ग निवडला आहे तो समजून घेणे उद्‌बोधक आहे; आणि तो मार्ग प्रत्यक्षात कोठे अडतो हे पाहण्यासाठी एखादे लहान तालुक्याचे गाव डोळ्यांसमोर ठेवणे सोयीचे होईल.

असे एक गाव म्हणजे मध्य प्रदेशातील पाटन. मराठी वाचकाला हे नाव ऐकताच साताऱ्याकडील कोयनाकाठचे पाटण आठवेल, किंवा पटोळ्यांसाठी आणि राणीच्या वावेसाठी प्रसिद्ध असलेले गुजरातेतील पाटण. येथे अभिप्रेत आहे ते जबलपूर जिल्ह्यातील पाटन : जबलपूर शहरापासून तीस-पस्तीस किलोमीटरांवरील तहसिलीचे ठिकाण. गहू आणि वाटाणा ही या भागाची महत्त्वाची पिके. जबलपूरशी महाराष्ट्राचा संबंध जुना आहे. 1818 पर्यंत हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे होता. पुढे 1956 पर्यंत नागपूर आणि जबलपूर ही दोन्ही शहरे एकाच प्रांतात नांदली. प्रस्तुत विषयात मात्र दोन राज्यांतील सीमेला फारसा अर्थ नाही, कारण वाहनचालकाच्या परवान्याचा कायदा केंद्राचा आहे. पाटनच्या शेतकऱ्याला आणि पाटणच्या शेतकऱ्याला तो सारखाच लागू पडतो.

कायद्याची रचना

भारतात मोटारगाड्यांसंबंधीचा पहिला अखिल भारतीय कायदा 1914 साली झाला. त्याची जागा 1939 च्या कायद्याने घेतली, आणि त्यानंतर आला तो 1988 चा मोटार वाहन अधिनियम. हा अधिनियम 1 जुलै 1989 पासून अंमलात आला व अनेक दुरुस्त्यांसह आजही चालू आहे.

या अधिनियमानुसार परवाना दोन टप्प्यांत मिळतो. प्रथम शिकाऊ परवाना. त्यासाठी वाहतुकीची चिन्हे, रस्त्यावरील नियम आणि अपघातप्रसंगी चालकाची कर्तव्ये यांवर प्रश्न विचारले जातात व त्यांपैकी निदान साठ टक्क्यांची उत्तरे बरोबर यावी लागतात. शिकाऊ परवाना सहा महिने चालतो. या काळात गाडीवर पांढऱ्या पाटीवर लाल रंगात ‘एल’ हे अक्षर लावावे लागते, आणि पक्का परवाना असलेली व्यक्ती शेजारी, गरज पडताच गाडी थांबवू शकेल अशा जागी, बसलेली असावी लागते. शिकाऊ परवाना मिळाल्यापासून निदान तीस दिवस लोटल्याखेरीज पक्क्या परवान्याच्या चाचणीस बसता येत नाही. या चाचणीत गाडी सुरू करणे, गिअर बदलणे, आरशाचा उपयोग करणे, इशारे देणे, मागे घेणे, चढावर थांबून पुन्हा निघणे, अकस्मात थांबविणे अशी कामे निरीक्षकासमोर करून दाखवावी लागतात. ज्या प्रकारच्या वाहनाचा परवाना हवा त्याच प्रकारचे वाहन चाचणीसाठी आणावे लागते.

अनुत्तीर्ण उमेदवाराचे काय करावयाचे हे अधिनियमाच्या नवव्या कलमात सांगितले आहे. पहिल्या अपयशानंतर सात दिवसांनी पुन्हा चाचणी देता येते. तीन वेळा चाचणी देऊनही जो उत्तीर्ण होत नाही त्याला शेवटच्या चाचणीपासून साठ दिवस पुन्हा बसता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीने यात एक महत्त्वाची भर घातली : अशा उमेदवाराने मान्यताप्राप्त वाहनचालन विद्यालयातून उणिवा भरून काढणारे प्रशिक्षण पूर्ण केले पाहिजे. म्हणजेच प्रयत्नांच्या संख्येला कायद्याने कमाल मर्यादा घातलेली नाही. त्याने मर्यादा घातली आहे ती प्रयत्नांमधील अंतराला, आणि ते अंतर कशाने भरले जावे हेही आता सांगितले आहे.

तथापि, शिकाऊ परवान्याच्या मुदतीमुळे संख्येची एक मर्यादा नकळत निर्माण होते. तरतुदीचा शब्दशः अर्थ घेऊन हिशेब करून पाहावा. तिसाव्या दिवशी पहिला प्रयत्न, सदतिसाव्या दिवशी दुसरा, चव्वेचाळिसाव्या दिवशी तिसरा. त्यानंतर साठ दिवसांनी, म्हणजे एकशे चौथ्या दिवशी, चौथा. आणि आणखी साठ दिवसांनी, एकशे चौसष्टाव्या दिवशी, पाचवा. सहा महिने म्हणजे साधारणतः एकशे ऐंशी दिवस. प्रत्येक वेळी हवी ती तारीख मिळाली तरी एका शिकाऊ परवान्यावर पाचांहून अधिक प्रयत्न होत नाहीत. पुढे प्रयत्न करावयाचा तर शिकाऊ परवान्यापासून सुरुवात करावी लागते. दार बंद होत नाही. उंबरठा मात्र पुन्हा ओलांडावा लागतो.

तीन या संख्येमागील तर्क

तीन हीच संख्या का, याचा उलगडा थोड्याशा अंकगणिताने होतो. अशी कल्पना करू की, शंभर उमेदवारांना गाडी नीट येत नाही, पण दैवाने साथ दिली तर पाचांपैकी एकजण निभावून जातो. पहिल्या चाचणीत वीस उत्तीर्ण होतील, ऐंशी उरतील. दुसऱ्या चाचणीत त्या ऐंशींपैकी सोळा सुटतील, चौसष्ट उरतील. तिसऱ्या चाचणीनंतर सुमारे एकावन्न उरतील आणि पाचव्या चाचणीनंतर तेहतीस. मधल्या काळात कोणीही काहीही शिकलेले नाही, तरी शंभरांपैकी सदुसष्ट जणांच्या हाती परवाना पडला. अमर्याद प्रयत्नांविरुद्धचा आक्षेप तो हाच. चाचणी पुरेशा वेळा दिली की ती कौशल्याची परीक्षा राहत नाही, सोडत होते.

आता दुसऱ्या बाजूने पाहू. समजा एक हजार उमेदवारांना गाडी चांगली येते, पण मनावरील दडपणामुळे किंवा अनोळखी जागेमुळे त्यांच्यापैकी पाचांत एकजण चुकतो. पहिल्या चाचणीत दोनशे अनुत्तीर्ण होतील. त्यांच्यापैकी दुसऱ्या चाचणीत चाळीस आणि तिसऱ्या चाचणीत केवळ आठ. याउलट आधीच्या प्रकारातील, म्हणजे तयारी नसलेले, एक हजार उमेदवार घेतले तर त्यांपैकी पाचशे बारा जण तिन्ही वेळा अनुत्तीर्ण होतात.

यावरून दिसून येते की, पहिले अपयश फारसे काही सिद्ध करीत नाही. कुशल माणूसही एकदा चुकतो. दुसऱ्या अपयशाने शंका येते. तिसऱ्या अपयशानंतर मात्र त्या उमेदवाराच्या तयारीतच उणीव असावी असे बऱ्याच खात्रीने म्हणता येते. म्हणून तिसऱ्या अपयशावर थांबविणे योग्य आहे. पण थांबविण्याचा हेतू काय, हा खरा प्रश्न आहे. ज्याची उणीव उघड झाली त्याला हद्दपार करावयाचे, की त्याला शिकवावयाचे?

कायमच्या मनाईचे परिणाम

हद्दपारीच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे असे की, रस्त्यावरील मृत्यूंची संख्या पाहता दयेला वाव नाही. ही संख्या खरोखरच भयावह आहे. केंद्र शासनाच्या आकडेवारीनुसार 2022 या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर 1,68,491 माणसे मृत्युमुखी पडली. अपघातांच्या संख्येत त्या वर्षी तामिळनाडूखालोखाल मध्य प्रदेशचा क्रमांक होता. अशा परिस्थितीत चाचणी कठोर असावी याबद्दल दुमत होऊ शकत नाही.

परंतु चाचणी कठोर असणे आणि प्रयत्न मोजून दार बंद करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. ज्याला शहरात राहून बसने कामावर जाता येते त्याला परवान्याची मनाई ही गैरसोय आहे. पाटनच्या आसपासच्या खेड्यात मोटारसायकल आणि ट्रॅक्टर ही उपजीविकेची साधने आहेत. वाटाण्याच्या शेंगा तोडल्या की त्या ताज्या असतानाच बाजारात पोहोचाव्या लागतात. अशा ठिकाणी कायमची मनाई केली म्हणजे माणूस वाहन चालविणे सोडील असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. तो परवान्यावाचून चालवील. मग तो कोणत्याही निरीक्षकासमोर पुन्हा उभा राहणार नाही आणि त्याची उणीव भरून निघण्याचा उरलासुरला मार्गही बंद होईल.

याचा भार शेवटी कोणावर पडतो हेही पाहिले पाहिजे. 2019 च्या दुरुस्तीने परवान्यावाचून वाहन चालविण्याबद्दलचा दंड पाचशे रुपयांवरून पाच हजारांवर नेला. ज्याने आपले वाहन अशा माणसाच्या हाती दिले त्या मालकालाही पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. अपघात झाल्यास प्रश्न आणखी बिकट होतो. चालकाकडे परवाना नव्हता या कारणाने विमा कंपनी आपली जबाबदारी नाकारू पाहते. 2004 साली सर्वोच्च न्यायालयाने स्वर्णसिंग प्रकरणात असा मार्ग दाखविला की, कंपनीने आधी अपघातग्रस्ताला भरपाई द्यावी व मालकाचा दोष सिद्ध झाल्यास ती रक्कम त्याच्याकडून वसूल करावी. त्यामुळे अपघातग्रस्ताचे काही प्रमाणात रक्षण झाले, पण लहान शेतकऱ्याच्या घरावर येणारी वसुली टळली नाही. परवान्याच्या व्यवस्थेबाहेर ढकललेला चालक स्वतःबरोबर इतरांनाही संकटात लोटतो, तो असा.

इतर देशांचा अनुभव

ब्रिटनमध्ये 1934 साली रस्त्यांवरील अपघातांत 7,343 माणसे मरण पावली, आणि पुढील वर्षी, 1 जून 1935 पासून, नव्या चालकांसाठी चाचणी सक्तीची झाली. तेथे प्रयत्नांच्या संख्येला मर्यादा नाही. अनुत्तीर्ण झालेल्याने पुढील चाचणीपूर्वी कामकाजाचे दहा दिवस जाऊ द्यावेत, एवढाच नियम आहे. मात्र लेखी परीक्षेचे प्रमाणपत्र दोनच वर्षे ग्राह्य धरले जाते. तेवढ्या काळात प्रत्यक्ष चाचणी उत्तीर्ण झाली नाही तर लेखी परीक्षा पुन्हा द्यावी लागते. म्हणजे संख्येऐवजी काळाची मर्यादा घालण्याची कल्पना तेथेही दिसते.

न्यूझीलंडने 1987 मध्ये वेगळी वाट धरली. तेथे परवाना पायरीपायरीने मिळू लागला. आधी शिकाऊ परवाना. मग मर्यादित परवाना, ज्यावर रात्री उशिरा एकट्याने गाडी चालविता येत नाही व सोबत प्रवासी नेण्यावर बंधने असतात. आणि शेवटी पूर्ण परवाना. एका दिवसाच्या चाचणीवर सारा निर्णय सोपविण्याऐवजी सुरुवातीच्या धोक्याच्या काळातच बंधने घालावीत, हा त्यामागील विचार. पुढे अनेक देशांनी ही पद्धत कमी-अधिक फरकाने उचलली.

दक्षिण कोरियातील एक उदाहरण जगभर गाजले. भाजी विकून पोट भरणारी एक वृद्ध स्त्री 2005 पासून परवान्याची लेखी परीक्षा देत राहिली आणि 2009 मध्ये, 950 व्या प्रयत्नात, ती उत्तीर्ण झाली. त्यानंतर प्रत्यक्ष चाचणीचे आणखी दहा प्रयत्न करून 2010 मध्ये तिने परवाना मिळविला. वर्तमानपत्रांनी तिच्या चिकाटीचे कौतुक केले, आणि ते योग्यच होते. पण या कथेतील महत्त्वाचा तपशील वेगळाच आहे. तिला अक्षरे वाचता येत, परंतु परीक्षेच्या पुस्तकातील पारिभाषिक शब्दांचा अर्थ उमजत नसे. वर्षानुवर्षे ती परीक्षेला बसत राहिली, आणि प्रत्येक वेळी परीक्षेने तिला एवढेच सांगितले की, तू अनुत्तीर्ण आहेस. का, हे सांगण्याचे काम परीक्षेचे नव्हते. ते शिक्षकाचे होते. 950 या आकड्यात तिच्या चिकाटीबरोबर शिकवणुकीचा अभावही मोजला गेला आहे.

साठ दिवस कशाने भरावेत?

याच मुद्द्यावर भारतीय तरतुदीचे बळ आणि तिची उणीव दोन्ही प्रकट होतात. नुसती साठ दिवसांची प्रतीक्षा कोणालाही काही शिकवीत नाही. ज्याच्या घरी मोटार आहे तो त्या काळात सराव करील. ज्याने शेजाऱ्याची गाडी मागून आणून चाचणी दिली तो आधी आलेले थोडेफारही विसरेल. म्हणजे एकच नियम एकाला सवड देतो आणि दुसऱ्याला शिक्षा. 2019 च्या दुरुस्तीने प्रशिक्षणाची अट घातली ती म्हणूनच योग्य दिशेने टाकलेले पाऊल होय.

पण प्रशिक्षण मिळावयाचे कोठे? पाटनच्या उमेदवाराला चाचणीसाठी जबलपूर गाठावे लागते. 2016 च्या अखेरीस सुधारलेल्या केंद्रीय दरांनुसार प्रत्येक चाचणीला वा फेरचाचणीला वाहनाच्या एका वर्गासाठी तीनशे रुपये शुल्क आहे. त्यात जाण्यायेण्याचा खर्च, बुडालेली मजुरी आणि वाहन मिळविण्याची यातायात मिळवावी लागते. तीन अपयशांनंतर प्रशिक्षणाचा खर्च आणखी वाढतो. शहरातील उमेदवारासाठी एका संध्याकाळची असलेली गोष्ट खेड्यातील उमेदवारासाठी कित्येक दिवसांची होऊन बसते.

2021 च्या जुलैपासून अंमलात आलेल्या नियमांनी मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांची योजना आणली. तेथे हलक्या मोटार वाहनासाठी 29 तासांचा अभ्यासक्रम ठरविण्यात आला : आठ तास सिद्धान्ताचे आणि एकवीस तास प्रत्यक्ष चालविण्याचे. तो चार आठवड्यांत पूर्ण व्हावा अशी अपेक्षा आहे. अशा केंद्रातून यशस्वी होऊन बाहेर पडणाऱ्याला परिवहन कार्यालयातील चाचणी माफ होते. कल्पना चांगली आहे, पण तिच्यात एक धोका दडलेला आहे. जो शिकवितो आणि त्यासाठी पैसे घेतो, तोच उत्तीर्ण झाल्याचे प्रमाणपत्रही देतो. विद्यार्थ्याला नापास करण्यात त्याचा तोटा असतो. म्हणून अशा केंद्रांवर बारीक देखरेख नसेल तर चाचणीची सोडत टाळता टाळता प्रमाणपत्रांची विक्री सुरू होण्याची भीती राहते.

दुसरा उपाय चाचणीच्या बाजूने झाला आहे. अनेक शहरांत संवेदक आणि कॅमेरे बसविलेल्या मार्गिकांवर चाचणी होऊ लागली. पुण्यात मोटारीच्या परवान्याची चाचणी भोसरीच्या वाहनचालन प्रशिक्षण व संशोधन संस्थेच्या मार्गिकेवर घेतली जाऊ लागली. यंत्राला ओळखदेख नसते आणि मेहेरबानीही ठाऊक नसते. दैवाने सुटण्याची शक्यता जितकी कमी, तितकी अमर्याद प्रयत्नांची भीतीही कमी. शिवाय अशी मार्गिका आणखी एक काम करू शकते : उमेदवार नेमका कोठे चुकला, मागे घेताना की चढावर, हे ती नोंदवून ठेवते. ही नोंद उमेदवाराच्या आणि त्याच्या शिक्षकाच्या हाती पडली तर पुढचे साठ दिवस वाया जाणार नाहीत. चढावर गाडी मागे घसरणाऱ्याला संपूर्ण अभ्यासक्रम पुन्हा शिकविण्याची गरज नसते. क्लच आणि ब्रेक यांचा मेळ घालणे त्याला शिकवावे लागते.

यावरून मर्यादेच्या प्रश्नाकडे पाहण्याची दृष्टी बदलते. तिसरे अपयश हा जसा उमेदवाराविषयीचा पुरावा आहे, तसाच तो त्याला शिकविणाऱ्या व्यवस्थेविषयीचाही आहे. एखाद्या विद्यालयाचे विद्यार्थी वारंवार तिसऱ्या प्रयत्नातही अनुत्तीर्ण होत असतील, तर साठ दिवस थांबवावयाचे कोणाला, हे विचारले पाहिजे. एखाद्या तहसिलीत उणिवा भरून काढणारे प्रशिक्षण देणारी सोयच नसेल, तर तेथील उमेदवारावर त्या प्रशिक्षणाची अट लादणे म्हणजे त्याला कायद्याच्या अक्षराने संधी देऊन प्रत्यक्षात ती हिरावून घेणे होय. ज्या जबलपूर शहरात 1969 पासून लष्करासाठी मोटारी बांधणारा कारखाना उभा आहे, त्याच्या परिसरातील खेड्यांना मोटार नीट चालविण्याचे शिक्षण हाताशी असावे, ही अपेक्षा मोठी नाही.

तेव्हा प्रयत्नांना मर्यादा असावी काय, या प्रश्नाचे उत्तर असे देता येईल. संख्येची मर्यादा नसावी, कारण माणूस कितव्या वेळी शिकेल हे कोणी ठरवू शकत नाही, आणि चौथ्या वेळी नीट शिकून उत्तीर्ण झालेला चालक पहिल्याच वेळी दैवाने सुटलेल्या चालकापेक्षा रस्त्यावर अधिक सुरक्षित असतो. अंतराची मर्यादा असावी, कारण घाईने दिलेल्या चाचण्या कौशल्य वाढवीत नाहीत, केवळ नशीब आजमावतात. आणि ते अंतर शिक्षणाने भरण्याची जबाबदारी एकट्या उमेदवारावर टाकू नये. चाचणी घेण्याचा अधिकार ज्याने आपल्याकडे ठेवला त्याने शिकण्याची सोयही उमेदवाराच्या आवाक्यात आणून ठेवली पाहिजे. रस्त्याच्या कडेने शाळेत चाललेल्या मुलाला, मागून येणाऱ्या चालकाने किती वेळा चाचणी दिली याच्याशी कर्तव्य नाही. त्या चालकाला वेळीच गाडी थांबविता येते की नाही, एवढ्यावरच त्याचे जगणे अवलंबून असते.